परड्यातला आवळा फुलतो, पण धरत नाही

करवीर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘सासूबाईंनी बी टाकून लावलेला आवळा परड्यात आहे. 11 वर्षं झाली. दरवर्षी फुलतो, खाली सडा पडतो, पण चार फळं काही धरत नाहीत. घरात सगळे म्हणतात, तोडून टाकू. काय करावं?’

ताई, कुऱ्हाड लावू नका. झाडात खोट नाही, ते एकटं आहे एवढंच. आवळ्याच्या एकाच झाडाचे पराग त्याच्याच फुलांना सहसा उपयोगी पडत नाहीत, जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. शिवाय बियांचं झाड फळाला यायला 8-10 वर्षं घेतंच, म्हणजे तुमचं झाड आत्ता कुठे वयात आलंय.

मार्चमध्ये फुलं आली की एक डहाळी हातात धरून बघा. खालच्या भागात देठावर लोंबणारी, पिवळसर हिरवी, मोहरीएवढी फुलं दाट दिसतील. ती नर. शेंड्याकडे डहाळीला जवळजवळ चिकटून मोजकीच बसलेली ती मादी. सडा पडतो तो बहुतेक नर फुलांचा, त्याचं दुःख नको. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मादी फूल फळल्यावर ते बारीक फळ उन्हाळाभर वाढतच नाही, आहे तसंच थांबतं. पावसाळ्यात ते फुगायला लागतं आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तोडणीला येतं. त्यामुळे मे महिन्यात काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका.

जागा असेल तर या पावसाळ्यात कृष्णा, कांचन किंवा एनए-7 या आवळ्याच्या जातींपैकी एक कलम 20-25 फुटांवर लावा. जागा नसेल तर याच झाडाची एक जाड फांदी जानेवारीत छाटा, नवे धुमारे पेन्सिलीएवढे झाले की जून-जुलैत त्यांवर दुसऱ्या जातीचा ठिगळ डोळा (सालीच्या तुकड्यासकट काढलेला डोळा) भरून घ्या. खोड एकच, पण जाती दोन होतात. मला छोट्या परड्यासाठी हाच उपाय जास्त आवडतो. सासूबाईंचं झाडही राहतं.

फुलं असताना पाणी देऊ नका. पाणी दिलं की पालवी फुटते आणि फूल गळतं. पावसाच्या तोंडावर दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आळ्यात घाला. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात असाल तर बुंध्याशी पाणी साठू देऊ नका, चर काढून द्या. खोडावर जाळीसारखा भुसा दिसला तर साल खाणारी अळी आहे असं समजा. भोक तारेनं साफ करा, रॉकेलचा बोळा घालून चिखलानं लिंपा.

पन्हाळ्याकडच्या एका वाचकांचे आवळे बाहेरून चांगले, पण कापल्यावर आतून काळे निघतात. ही बहुधा बोरॉनची कमतरता. सप्टेंबर-ऑक्टोबरात 10 लिटर पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आधी कोमट पाण्यात विरघळवून मिसळा आणि 15 दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या करा.

ताईंनी शेवटी विचारलंय की आणलेल्या आवळ्यांचा मोरावळा काळा का पडतो. तुम्ही लोखंडी कढई वापरली असणार. आवळ्याच्या तुरटपणाचा लोखंडाशी संबंध आला की रंग जातो, म्हणून स्टीलचं पातेलं घ्या. किलोभर आवळे वाफवून पाकळ्या सोडवा, त्यात सव्वा किलो आपल्याच गुऱ्हाळाचा गूळ चिरून घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. पाणी सुटतं. सकाळी मंद आचेवर मधासारखा पाक होईपर्यंत शिजवा. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा. ओला चमचा मात्र त्यात कधीच घालू नका.