ड्वार्फांची फौज जमवतोयस? जरा दमानं!

अरे, वॉरहॅमर द ओल्ड वर्ल्ड हा टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायचा युद्धखेळ; त्यात पहिल्याच महिन्यात २००० पॉइंटांची (पुतळ्यांच्या ठरलेल्या गुणांची बेरीज) फौज घ्यायला धावू नकोस. वीसेक क्रॉसबोवाले, तेवढेच कुऱ्हाडवाले, एक तोफ, एक सरदार. एवढ्यावर खेळून बघ. या खेळात ड्वार्फांची, म्हणजे या दाढीवाल्या बुटक्यांची चाल जेमतेम ३ इंच, घोडदळ नाही, जादूगारही नाहीत. तेव्हा शत्रूलाच येऊ दे. तोफ टेकडीवर चढव, पण बगलेला कुऱ्हाडवाले हवेतच. नाहीतर उडत आलेलं एखादं जनावर तोफ गिळतंच म्हणून समज.

दाढ्या मात्र मन लावून रंगव, ड्वार्फात बघण्यासारखं तेच असतं! तपकिरीवर काळपट वॉश (पातळ रंग), तो वाळला की कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसता घासायचा. आणि भर पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) नको. त्यापायी माझे दहा वीर पिठात लोळल्यासारखे दिसत होते.