गुडघे दुखतात, पण उंच झाडं तर बघायचीच आहेत!

प्रश्न: आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. आईचे गुडघे दुखतात पण रेडवुडची झाडं बघितल्याशिवाय परत जाणार नाही म्हणते. फार चालावं न लागता कुठे नेता येईल?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर: सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वूड्सला पार्किंगचं आधी बुकिंग करा, मग तिथली गर्दी, ते सगळं राहू दे. सांताक्रूझजवळच्या फेल्टन गावातल्या हेन्री कावेल रेडवुड्स स्टेट पार्कला न्या. तिथला रेडवुड ग्रोव्ह लूप जेमतेम 0.8 मैल, म्हणजे सव्वा किलोमीटर, अगदी सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाते. आपण अर्ध्या तासात उरकू पण आईबरोबर दीड तास धरा, कारण सारखं थांबून मान वर करावीच लागते, सगळ्यात उंच झाड 277 फुटांच्या आसपास आहे, म्हणजे पंचवीस मजली बिल्डिंगच्याही वर!

आईला एक गोष्ट नक्की दाखवा. काही झाडं गोल रिंगण करून उभी दिसतील आणि मधे नुसता जुना बुंधा, नाहीतर तोही नाही. मूळ झाड पडलं किंवा तोडलं की त्याच्या बुंध्यापासूनच नवे कोंब फुटतात, आपल्या केळीला पिल्लं येतात ना, तस्संच. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर पुढचं प्रत्येक रिंगण त्या मोजत बसल्या, झाडांची उंची गेली बाजूला.

फ्रीमाँट ट्री आतून पोकळ आहे, जॉन फ्रीमाँट हा अमेरिकन शोधप्रवासी 1846 मध्ये त्यात राहिला होता म्हणतात, खरंखोटं देव जाणे. आत शिरायला वाकावं लागतं, तेव्हा आईला बाहेरच उभं करा आणि बाबांना पाठवा. पायाखाली मात्र बघा, पिवळीधमक, शंख नसलेली गोगलगाय आरामात रस्ता क्रॉस करत असते, बनाना स्लग म्हणतात तिला.

उन्हाळ्यातही सावलीत गार लागतं, स्वेटर घ्या. कुत्रा असेल तर घरीच ठेवा, या लूपवर कुत्र्यांना परवानगी नाही. शेजारीच रोअरिंग कॅम्पची वाफेवरची छोटी गाडी सुटते, त्यात बसलं की आईला पायही न हलवता झाडं बघता येतील.

तुमच्याकडून तिकडे जाणारा हायवे 17 मात्र भयंकर वळणाचा, त्यात वीकेंडला सांताक्रूझच्या बीचवाल्यांची गर्दी. सकाळी लवकर निघा, आईला पुढच्या सीटवर बसवा आणि आलेपाकाची वडी हाताशी ठेवा.