कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांचे एक्स-रे काढताना कोन लक्षात कसे ठेवावेत, आणि वॉटर्स व्ह्यू वारंवार का बिघडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पीएनएस वॉटर्स (नाकाभोवतालच्या हवेच्या पोकळ्यांचा, म्हणजे सायनसचा, हनुवटी वर करून काढलेला एक्स-रे) काढताना पेट्रस रिज (कानाजवळच्या दाट हाडाची कड) दर वेळी मॅक्सिलरी सायनसवर, म्हणजे गालातल्या पोकळीवर, येऊन बसते. १५, २३, ३०, ३७ हे कोन पुस्तकागणिक बदलत असल्याने पाठ करूनही गोंधळ होतो, आणि ज्या रुग्णाची मान वर होत नाही त्याचे काय करावे हे वॉर्डात कोणी सांगत नाही. मी हे काम २६ वर्षे करतो आहे आणि सुरुवातीची दोन वर्षे माझीही अवस्था अगदी हीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे पहिले सांगणे असे की कोन पाठ करणे काही दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक व्ह्यूच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या फिल्ममध्ये पेट्रस रिज कुठे जायला हवी? कानाच्या भोकापासून आत आणि पुढे तिरपे गेलेले हे हाड शरीरातील सर्वांत दाट हाडांपैकी एक आहे आणि कवटीच्या मध्यातच ते आडवे पडलेले असल्यामुळे समोरून घेतलेल्या प्रत्येक चित्रात ते कशावर तरी सावली टाकणारच. ते काढून टाकता येत नाही, फक्त सरकवता येते. वॉटर्स, कॉल्डवेल, टाउन ही नावे वेगवेगळी असली तरी पेट्रस रिज कुठे सरकवायची याचीच ती वेगवेगळी उत्तरे आहेत.

भिंतीजवळ एक तांब्या ठेवा, त्याच्या मागे हातभर अंतरावर दुसरा ठेवा, आणि मागून टॉर्च दाखवा. टॉर्च जसजशी वर न्याल तसतशी मागच्या तांब्याची सावली पुढच्याच्या तुलनेत खाली सरकेल. रुग्ण बकीकडे, म्हणजे फिल्म धरणाऱ्या फळीकडे, तोंड करून उभा असतो तेव्हा डोळ्यांच्या खोबण्या म्हणजे भिंतीजवळचा तांब्या आणि पेट्रस म्हणजे मागचा. ऑर्बिटोमिएटल रेषा, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा, बकीला काटकोनात असेल आणि ट्यूबही सरळ असेल, तर पेट्रस खोबण्यांमध्ये भरून दिसते. ट्यूब पायांच्या दिशेने १५ अंश झुकवली की ती खोबणीच्या खालच्या तिसऱ्या भागात उतरते. हा कॉल्डवेल व्ह्यू, यात किरण नेझियनमधून म्हणजे नाकाच्या मुळाशी बाहेर पडतो आणि फ्रंटल सायनस (कपाळातली पोकळी) व वरची खोबण मोकळी दिसते. २५ ते ३० अंश केले की रिज खोबणीच्या खालच्या कडेखाली जाते आणि खोबणीचा तळ पाहता येतो. आणखी खाली, थेट मॅक्सिलरी सायनसच्या तळाच्याही खाली पाठवायची असेल, तर ट्यूब इतकी झुकवण्यापेक्षा हनुवटी वर करून डोकेच फिरवणे सोयीचे, तोच वॉटर्स. टाउनमध्ये रुग्णाची पाठ बकीकडे असते आणि किरण समोरून ३० अंश खाली येतो, त्यामुळे चेहऱ्याची हाडे खाली ढकलली जातात, मागचे ऑक्सिपिटल हाड मोकळे होते आणि फोरामेन मॅग्नमच्या, म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाच्या आत डॉर्सम सेला (पिट्युटरी ग्रंथीच्या खळग्याची मागची भिंत) दिसतो. डॉर्सम सेला त्या भोकाच्या वर राहिला तर कोन कमी पडला. त्याच्या जागी पहिल्या मणक्याची पुढची कमान दिसू लागली तर कोन जास्त झाला.

आमच्या सरांनी हे शिकवण्यासाठी वर्गातल्या सुट्या कवटीची टोपी काढून दोन्ही पेट्रस रिजवर फ्यूजची तार चिकटवली होती आणि एकाच कवटीची ट्यूब दर वेळी थोडी झुकवत सहा चित्रे घेऊन ती व्ह्यूबॉक्सवर ओळीने लावली होती. तार पायरी उतरावी तशी एकेका चित्रात खाली येत होती. तुमच्या विभागात कवटी असेल आणि दुपारी यंत्र मोकळे असेल तर विभागप्रमुखांची परवानगी घेऊन हे एकदा करून पाहा.

आता आकड्यांच्या गोंधळाकडे वळू. कोन बदलतात ते बहुधा मोजण्याची रेषा बदलते म्हणून. कानाच्या भोकातून पुढे तीन रेषा काढा: एक दोन भुवयांमधल्या उंचवट्याकडे, एक डोळ्याच्या कोपऱ्याकडे आणि एक खोबणीच्या खालच्या कडेकडे. लगतच्या दोन रेषांमध्ये सुमारे ७ ते ८ अंशांचे अंतर असते. कॉल्डवेलचा मूळ कोन २३ अंश होता तो यांपैकी सर्वांत वरची रेषा काटकोनात ठेवून. आज आपण मधली रेषा काटकोनात ठेवतो म्हणून तोच व्ह्यू १५ अंशांचा झाला. टाउनमध्ये रुग्णाला हनुवटी छातीकडे पुरेशी आणता आली तर मधली रेषा काटकोनात येते आणि ३० अंश पुरतात. नाही आली तर खालची रेषा काटकोनात ठेवून ३७ करायचे. डोके ७ अंश कमी वाकले, ते ७ ट्यूबने भरून काढले, इतकाच हिशोब. मात्र वॉटर्समधला ३७ हा वेगळा आहे, आणि परीक्षेत मुले हमखास इथेच घसरतात. तो ट्यूबचा कोन नाही. ट्यूब तिथे आडवी, सरळच असते. हनुवटी टेकवल्यावर ऑर्बिटोमिएटल रेषा आणि बकी यांच्यात जो कोन उरतो तो ३७ अंशांचा. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत याच जागी ४५ अंश लिहिलेले असतात, म्हणजे डोके थोडे कमी मागे. दोन्हींची कसोटी एकच आहे: रिज सायनसच्या तळाखाली गेली की नाही.

तुमच्या वॉटर्समध्ये रिज सायनसवर येते, याचा अर्थ हनुवटी पुरेशी वर झालेली नाही. बहुतेक ठिकाणी शिकवतात की हनुवटी बकीला टेकवा आणि नाकाच्या टोकात व बकीत बोटभर अंतर ठेवा. हा नियम सरासरी नाकासाठी ठीक आहे, पण नाके सरासरी नसतात. धारदार नाकाच्या माणसात बोटभर अंतर ठेवायला गेलात तर डोके जास्त मागे जाईल आणि सायनस वरून खाली दबल्यासारखे आखूड दिसतील. बसक्या नाकाच्या माणसात रिज हटणारच नाही. म्हणून नाकाकडे पाहू नका. रुग्णाच्या बाजूला उभे राहा आणि हनुवटीपासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा बकीला काटकोनात आहे का ते डोळ्यांनी पाहा. सुरुवातीला खराट्याचा हीर गालाशेजारी धरून पाहिला तरी चालेल, फक्त एक्स्पोजरपूर्वी तो काढायचा. किरण अकँथिऑनमधून, म्हणजे नाक आणि वरचा ओठ जिथे मिळतात तिथून बाहेर पडला पाहिजे. दाताची कवळी काढलेल्या वृद्धाची हनुवटी वर सरकते आणि हीच रेषा फसवते, तेव्हा तोंड जरा सैल ठेवायला सांगून पुन्हा पाहा. डोके वळलेले आहे का हे फिल्मवर ओळखायचे असेल तर खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून कवटीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते सारखे हवे. स्फेनॉइड सायनसही (नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेली पोकळी) पाहायचा असेल तर याच स्थितीत तोंड उघडायला सांगतात.

रुग्णांना अनेकदा वाटते की सायनसमधले पाणी पाहायचे म्हणून याला वॉटर्स म्हणतात. हे नाव चार्ल्स वॉटर्स या अमेरिकन रेडिओलॉजिस्टचे आहे. त्यांनी आणि वॉल्ड्रन यांनी १९१५ मध्ये ही पद्धत मांडली. पण रुग्णांचा गैरसमज उपयोगी पडतो, कारण पाण्याची पातळी दिसणे हेच या फिल्मचे एक मोठे काम आहे. भांड्यातले पाणी आडवे असते. ते पाहायला नजरही आडवी लागते. म्हणून सायनससाठी रुग्ण बसलेला किंवा उभा असावा, त्याला त्या स्थितीत काही मिनिटे राहू द्यावे आणि किरण जमिनीला समांतर असावा. हीच अट कॉल्डवेललाही लागू होते. सायनससाठी कॉल्डवेल काढताना ट्यूब १५ अंश झुकवणे ही चूक मी मोठमोठ्या विभागांतही पाहिली आहे. तिथे ट्यूब आडवी ठेवून नाक बकीला टेकवायचे, कपाळ किंचित दूर ठेवायचे आणि ते १५ अंश मानेतून मिळवायचे.

लॅटरल व्ह्यूबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात पेट्रसचा त्रास नाही. दोन बुबुळांना जोडणारी रेषा बकीला काटकोनात आणि डोक्याची मध्यरेषा समांतर, एवढे सांभाळा. फिल्मवर जबड्याच्या दोन फांद्या पुढेमागे दिसल्या तर डोके वळले होते, खोबण्यांची छते वरखाली दिसली तर ते कलले होते. सेंटरिंग मात्र कामाप्रमाणे बदलते: कवटीसाठी कानाच्या भोकाच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर, चेहऱ्यासाठी गालाच्या हाडावर. गालाच्या कमानीसाठी हनुवटीखालून घेतला जाणारा व्ह्यू आहे, त्यात कमानी कपाच्या कानांसारख्या दोन्ही बाजूंना सुट्या दिसतात. त्या पातळ असतात, म्हणून कवटीचे एक्स्पोजर तिथे वापरले तर त्या जळून काळ्या होतात. मानेच्या मणक्याला मार असल्याची शंका असेल तर या व्ह्यूचे नावही काढू नका.

तयारीबाबत एवढेच की नथ, बुगडी, कानातले, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि आंबाड्यातल्या पिना काढायला सांगा. घट्ट वेणीचीही सावली पडते, ती सोडून बाजूला घ्यावी लागते. रुग्णाचे तोंड जिथे टेकणार आहे ती बकी त्याच्या देखत पुसा, माणूस निम्मा तिथेच सैल होतो. आणि शक्य तेव्हा तोंड बकीकडेच ठेवा. चेहरा रिसेप्टरजवळ, म्हणजे फिल्मजवळ, आला की हाडे कमी फुगून दिसतात हे एक, आणि किरण डोक्याच्या मागून येऊन डोळ्यांपर्यंत पोहोचेतो बराचसा शोषला गेलेला असतो, त्यामुळे डोळ्यांच्या भिंगाला मिळणारी मात्रा खूप कमी होते हे दुसरे. ज्यांच्या नावाचा व्ह्यू आपण रोज काढतो ते युजीन कॉल्डवेल १९१८ मध्ये किरणांनी झालेल्या इजांमुळेच गेले, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून रिपीट टाळणे मला केवळ फिल्म वाचवण्याचा प्रश्न वाटत नाही.

आता मान वर न होणाऱ्या रुग्णाविषयी. यात दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला प्रकार म्हातारपणाने पाठ वाकलेल्या किंवा मान आखडलेल्या माणसाचा. त्याला स्टुलावर बसवा, पाय बकीच्या स्टँडच्या दोन्ही बाजूंना घ्या, स्टूल जवळ सरकवा आणि मान न ताणता कंबरेतून धड किंचित मागे झुकवायला सांगा. धडाबरोबर डोकेही मागे जाते आणि मानेकडून मागायचे अंश निम्म्याने कमी होतात. तरीही काही अंश उरले तर ट्यूब ५ ते १० अंश खाली झुकवून रिज सरकवता येते. मात्र तेव्हा किरण आडवा राहत नाही, म्हणून तसे केल्याचे फॉर्मवर लिहा, म्हणजे पाण्याची पातळी दिसली नाही यावरून रिपोर्ट करणारा चुकीचा निष्कर्ष काढणार नाही.

दुसरा प्रकार अपघाताचा, गळ्याला कॉलर लावून स्ट्रेचरवर आलेला. त्याची मान तुम्ही हलवायची नाही, कॉलर सोडायची नाही, नातेवाईक कितीही घाई करोत. आज अशा रुग्णाला खरे तर सीटी हवे. ब्रिटनमध्ये नाइस संस्थेच्या २००३ च्या डोक्याच्या दुखापतीविषयीच्या मार्गदर्शनापासून साध्या कवटीच्या एक्स-रेची जागा मोठ्या प्रमाणावर सीटीने घेतली, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे: एक्स-रे हाडाची चीर दाखवतो, मेंदूतला रक्तस्राव दाखवत नाही. पण तालुक्याच्या गावी रात्री सीटी नसते आणि डॉक्टर एक्स-रे मागतात. तेव्हा उलटा वॉटर्स घ्या: रुग्ण उताणा, कॉलर तशीच, आणि ट्यूब डोक्याच्या दिशेने इतकी झुकवा की किरण हनुवटी ते कान या रेषेला समांतर होऊन अकँथिऑनमधून आत जाईल. हाडे फुगून दिसतील, पण खोबणीच्या कडा आणि गालाच्या हाडाचे सांधे पाहता येतील. पाण्याची पातळी मात्र त्यात शोधू नका.

त्याच्या जोडीला, रुग्ण उताणाच ठेवून आडव्या किरणाने लॅटरल नक्की घ्या, आणि ती फिल्म आली की सर्वांत आधी स्फेनॉइड सायनसकडे पाहा. तिथे आडवी, सरळ पातळी दिसली तर कवटीच्या तळाचे हाड मोडून आत रक्त किंवा मेंदूभोवतालचे पाणी साठलेले असण्याची शक्यता असते. अशी फिल्म बाकीच्या फिल्मबरोबर रांगेत ठेवू नका, हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.