पंधरा वर्षं उभी असलेली जुनी गाडी घरच्यांना घेऊन फिरण्याजोगी करायची तर सुरुवात कुठून करावी?

काकांची साठच्या दशकातली चार दारांची पेट्रोल गाडी पंधराएक वर्षं शेडमध्ये उभी आहे. ती दुरुस्त करून बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन सुट्टीला फिरायचंय, तर सुरुवात कुठून करू आणि हा वेडेपणा तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. वेडेपणा अजिबात नाही. पण गाडी चालू करणं वेगळं आणि तिच्यात मागे मुलं बसवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा विचार आधी केलात तर पहिलीवरचा बराच खर्च वाचेल. माझ्या पाहण्यातल्या ज्या गाड्या अर्धवट पडून राहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचं इंजिन लगेच सुरू झालं होतं. खालचा पत्रा कुणी बघितलाच नव्हता.

म्हणून नवी बॅटरी आणायच्या आधी गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. चेसिस वेगळी नसलेल्या गाडीचा सगळा जोर दाराखालच्या पेट्यांवर आणि फ्लोअरवर असतो. या पेट्या, जॅक लावायच्या जागा, मागची पानं (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) किंवा गोल स्प्रिंगं जिथे बॉडीला धरलेली असतात त्या जागा आणि सीटखालचा पत्रा, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. काळं डांबरी कोटिंग जाड दिसलं तर तिथे खरवडाच, त्याच्याखाली गंज मजेत वाढत असतो. बाहेरून रंग नवा दिसला की मी खिशातलं चुंबक काढतो: पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. इंजिन बाहेर काढून बनवता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळू शकतो, पण सगळा खालचा सांगाडा सडलेला असेल तर काकांची आठवण म्हणून स्टिअरिंग व्हील भिंतीवर लावा आणि त्याच मॉडेलची चांगल्या पत्र्याची दुसरी गाडी शोधा. ऐकायला कठोर वाटेल, पण स्वस्तात पडेल.

पत्रा ठीक निघाला तर इंजिन. सेल्फ मारायची घाई नको. एवढ्या वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवर गंजाची पूड धरलेली असते, रिंगा चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ, झिरपणारं तेल सोडा आणि निदान एक रात्र जाऊ द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल आणि आणखी वेळ द्या. फिरायला लागलं की टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हच्या वरचं झाकण) काढून दोन पूर्ण फेरे द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतोय ना, ते डोळ्यांनी बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर सेल्फ मारला की पुशरॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबाही याच वेळी उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते.

जुनं तेल काळं दिसो वा स्वच्छ, काढून टाका. त्यात साचलेली ओल आणि आम्ल बेअरिंग खातात. नवं तेल भरताना जुन्या इंजिनांसाठीचं, झिंक-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं असलेलं घ्या. तुमच्या इंजिनातले टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) कॅमवर, म्हणजे त्यांना उचलणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर, थेट घासतात आणि बऱ्याच आधुनिक तेलांत हे द्रव्य कमी केलेलं असतं. प्लग काढलेलेच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ द्या. प्लग लावायचे ते त्यानंतर.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर पहिलं स्टार्टिंग करू नका. पेट्रोल काही महिन्यांतच शिळं व्हायला लागतं, वर्षं गेली की त्याचा चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकांत) बसतो. त्यात इथेनॉल असेल तर ते ओल शोषतं आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, टाकी आतून गंजते ती तिथे. टाकी उतरवून धुवा. पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे गास्केट आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या मालाचे बसवा. यात काटकसर नको, कारण जुना पाइप फुटतो तो बहुधा गरम मॅनिफोल्डच्या आसपास. टाकी तयार होईपर्यंत छोट्या डब्यातलं ताजं पेट्रोल पुरतं. फायर एक्स्टिंग्विशर त्या दिवसापासूनच जवळ ठेवा, आणि नंतर तो गाडीतच राहू द्या.

शिसं नसलेल्या पेट्रोलची भीती तुम्हाला कुणीतरी घालणारच. जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट मऊ असतात आणि पेट्रोलमधलं शिसं त्यांना जपायचं, हे खरं आहे. ते पेट्रोल आता जगात कुठेच पंपावर मिळत नाही. अल्जीरिया हा शेवटचा देश, तिथलीही विक्री २०२१मध्ये थांबली. पण एवढ्यासाठी चालतं हेड उघडू नका. सीटची झीज होते ती मुख्यतः सतत जास्त वेगाने, जास्त ओढीवर पळवल्यावर. निवांत फिरणाऱ्या गाडीच्या टॅपेटची फट अधूनमधून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासली तरी पुरे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा कमी होताना दिसली तर सीट झिजतेय असं समजा आणि मग कडक सीट बसवून घ्या.

आता ब्रेक. इथे मी तडजोड ऐकून घेत नाही. साधं ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल प्यालेल्याला तीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर चार माणसं आणि सामान घेऊन ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. शिवाय व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगतात, मग पाय काढला तरी चाक धरूनच राहतं. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि होज सरसकट नवे. लोखंडी पाइपांवर गंज असेल तर तेही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तुमच्या गाडीला एकच ब्रेक सर्किट असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर बसवा, मूळपणाचे सोवळे पाळणारे काहीही म्हणोत. आणि हातब्रेक खरोखर धरणारा हवा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा. दहा वर्षांपुढचा टायर, स्टेपनीसकट, बदला.

कूलिंगला एक सकाळ द्या: पाणी काढून ब्लॉक आणि रेडिएटर उलट दिशेनेही फ्लश करा, होज आणि थर्मोस्टॅट बदला, वॉटर पंप गळतो का बघा. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल घाला. जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती; काही जीएल-५ तेलांमधलं गंधक गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातं, त्यामुळे जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ बरं. डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं) गणित वेगळं असतं, एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतू नका. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली निघाली तर दचकू नका, नेहमीचंच आहे.

आता मुलांचं. तीन बिंदूंचा सीट बेल्ट व्होल्वोच्या गाड्यांत आला तो १९५९मध्ये, पण मागच्या सीटवर तो पोहोचायला बऱ्याच कंपन्यांना पुढे अनेक वर्षं लागली. तुमच्या गाडीला मागे बेल्ट नसणार असं धरून चाला. चाइल्ड सीट बांधायला बेल्ट लागतो, आणि बेल्टला नुसतं पत्र्याला भोक पाडून चालत नाही. मागून जाड प्लेट देऊन, चांगल्या पत्र्यावर, हे काम जाणणाऱ्याकडूनच पॉइंट करून घ्या. गाडी सुरू व्हायच्या आधी मी हाच अंदाज घ्यायला सांगेन. काही बॉडींमध्ये खांद्याच्या बेल्टला धड जागाच मिळत नाही, आणि मग गाडी तुम्हा दोघांसाठी ठेवायची का, हे आधीच ठरवलेलं बरं. पुढच्या सीटला डोक्यामागे आधार नसेल तर तशा सीट शोधा. दारांना चाइल्ड लॉक नसणार, म्हणून लॅच आणि बिजागऱ्या घट्ट करून घ्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात ती सायलेन्सरची. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळका सायलेन्सर, फ्लोअरमधली भोकं आणि डिकीचं फाटलेलं रबर एकत्र आलं की तो मागच्या सीटवर साचतो, आणि पेंगणारी मुलं दमली असतील असं आपल्याला वाटतं. सांधे घट्ट, भोकं बंद, डिकीचं रबर नवं. वर बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म आत ठेवला तर उत्तम.

बदल कुठवर करावेत यावर वाद कधी संपणार नाही. माझा नियम असा की बोल्ट काढून पूर्ववत करता येईल ते खुशाल करा. डायनॅमो आयडलिंगला जेमतेम चार्ज देतो. रात्री पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम लावले की दिवे मंदावतात, म्हणून अल्टरनेटर. हेडलाइटना रिले, डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बॅटरीला कट-ऑफ स्विच. मात्र काहीही जोडण्याआधी गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, ते बघा, त्या काळात दोन्ही चालायचं. आणि वायरिंगचं इन्शुलेशन बोटाने वाकवून तडकत असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा संच) बदला.

कागदपत्रं आणि विमा हे सगळं चालू असतानाच मार्गी लावा. मग पहिल्या फेऱ्या एकट्याने, घराजवळ. प्रत्येक वेळी परत आल्यावर चारही हबजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक इतरांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. खाली पुठ्ठा टाकून गळती बघा, चाकांचे नट पुन्हा आवळा. हळूहळू अंतर वाढवा, एकदा कडक उन्हात ट्रॅफिकमध्ये नेऊन तापमान बघा, एकदा रात्री काढा. या सगळ्यात काही नवं निघेनासं झालं की मुलांना बसवा. चार गिअरची जुनी गाडी हायवेच्या वेगाला इंजिन फार फिरवते. आवाज वाढायला लागतो त्याच्या जरा खालचा वेग धरा आणि डावी लेन सोडू नका, किंवा तुमच्याकडे सावकाश जाणारे ज्या बाजूने जातात ती.

दाराखालच्या पेट्यांचे आणि मागच्या सीटखालच्या पत्र्याचे फोटो टाकलेत, मॉडेलचं नाव-वर्ष सांगितलंत, तर बेल्टचे पॉइंट कुठे घेता येतील ते जास्त नेमकं सांगता येईल.