व्हिडिओ बघायला बसण्याआधी

बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा व्हिडिओ बघून त्याच्या मेंदूचा विकास नीट चाललाय का, याचा अंदाज घ्यायचा असतो. त्यासाठी आधी वय नीट मोज. २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ १२ आठवडे लवकर आलेलं असतं. म्हणजे जन्माला २४ आठवडे झाले तरी त्याचं सुधारित वय (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, म्हणजे ४० आठवडे पूर्ण झाल्यापासून मोजलेलं) १२ आठवडेच. इथे चूक झाली की पुढचं सगळं मुसळ केरात.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा पुरे. बाळ पाठीवर, जागं, शांत, हातपाय उघडे. चोखणी नको, खुळखुळा नको, आईचं बोलणंही नको. रडायला लागलं तर थांबव. रडक्या बाळाच्या हालचालींवरून मत द्यायचं नाही.

सुधारित वय १२ ते १६ आठवडे असताना न्यूरोलॉजिस्ट हाइन्झ प्रेक्टल यांच्या या पद्धतीत जे शोधायचं, ते फार बारीक असतं. मनगट किंचित वळतं, घोटा फिरतो, मान जराशी हलते, लगेच खांदा. छोट्या, मध्यम गतीच्या, सगळ्या दिशांना जाणाऱ्या हालचाली. नवखे लोक लाथांकडे बघत बसतात (मीही बसायचे). एकेका अवयवाच्या मागे लागू नकोस, अख्खं बाळ बघ.

त्याआधीच्या आठवड्यांत हालचाली एकसुरी दिसल्या तर लगेच घाबरू नकोस. मुदतपूर्व बाळांत हे पुष्कळदा दिसतं नि निवळतं. मात्र सगळे हातपाय एकाच वेळी ताठ आणि एकाच वेळी सैल, असं पुन्हापुन्हा दिसलं, किंवा १२ ते १६ आठवड्यांत त्या बारीक हालचाली नसल्याच, तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणाऱ्या कायमच्या परिणामाची) शंका गंभीरपणे घ्यायची. न्यूरोलॉजिकल तपासणी आणि एमआरआय सोबत ठेवून बोल, आणि पालकांना एका व्हिडिओवरून निदान सांगू नकोस. थेरपी मात्र निदानासाठी अडवू नकोस.