सभेआधीचं काम

प्रिय,

गावाचा पाणी आराखडा सगळ्यांना विचारून करायचा, हा तुझा बेत आवडला. सभेचा क्रम मात्र पटला नाही. आधी सरपंचांचं मनोगत, मग तुमच्या इंजिनिअरचं सादरीकरण, आणि शेवटी "कुणाला काही बोलायचंय का?" एवढं झाल्यावर कोण बोलणार? बोललंच तर सरपंचांचीच री ओढेल.

१९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखायची स्पर्धा झाली. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमधचा अंदाज निघाला १२०७ पौंड, खरं वजन होतं ११९८. गर्दी शहाणी असते, हे सांगायला हा किस्सा सगळे वापरतात. मला त्यातल्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येकाने पदरचे पैसे मोजून आपला आकडा स्वतंत्र लिहून दिला होता. त्याच लोकांना एकत्र बसवून एखाद्या नामांकित खाटकाला आधी बोलू दिलं असतं, तर बाकीचे आकडे त्याच्याच आसपास घुटमळले असते. कुणी जास्त धरतो, कुणी कमी, म्हणून चुका एकमेकींना कापतात. सगळे एकाच बाजूला चुकले, तर माणसं वाढवूनही उपयोग नाही.

अर्थात पाण्याचा प्रश्न एका आकड्यात बसत नाही. बागायतदाराचं बोअर आणि वस्तीवरचा टँकर यांची सरासरी काढून काय मिळणार? इथे गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) नीट समजून घे. देवाजी तोफा या गावच्या पुढाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामागची बैठकांची शिस्त फारशी कुणी पाहत नाही. गावात अभ्यासगट चालतात. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते त्यात वर्षानुवर्षं होते. तिथे माहिती गोळा होते, बाहेरचा जाणकारही येतो, वाद होतात, पण निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात. वेळ लागतो, हे खरं. पण हात मोजून घेतलेला निर्णय हरलेली बाजू जंगलात जाऊन मोडू शकते, मग राखण कोण करणार?

आपल्याकडे कायद्यानेच ग्रामसभेआधी महिला सभा ठेवली आहे. अनेक गावांत ती सह्यांपुरती उरते. तू ती खरोखर घे, आणि सरपंचांच्या ओट्यावर नको, पाणी भरतात त्या जागेजवळ घे. मेंढपाळांना वेगळं गाठ. एप्रिल-मे महिन्यांत कुठल्या ओढ्यात डबकं टिकतं, ते त्यांना तुझ्या नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. पाणी सोडणाऱ्या माणसाला एकटं भेट, चारचौघांत तो बोलणार नाही. भूमिहीनांना विसरू नकोस. पुरंदरच्या पाणी पंचायतीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या चळवळीत, विलासराव साळुंख्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही दिला. भूमिहीन माणूस हिशेबातच नसेल तर असं काही सुचत नाही.

मिळालेलं सगळं लिहून सभेत वाच, नावं न घेता. सरपंच शेवटी बोलतील, हे त्यांच्याशी आधीच ठरवून घे. मानी असले तरी समारोपाचा मान म्हटल्यावर तयार होतात.

आणि इतिवृत्तात नुसतं "सर्वानुमते मंजूर" नको. कुणाची काय हरकत होती आणि ती कशी सुटली, तेही येऊ दे. ग्रामसेवक म्हणेल, फार लांबतंय. लांबू दे.

तुझा,
काका