गॉथिक रहस्यकादंबरीची ५० पानं झाली, अजून काहीच घडत नाही. ही पुस्तकं वाचायची तरी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज बोरिवली ते चर्चगेट प्रवास, मराठी रहस्यकथांची जुनी आवड, आणि मैत्रिणीने 'प्रेमात पडशील' असं सांगून हातात ठेवलेली 'रेबेका'. तीन आठवड्यांत ५० पानं झाली. खून नाही, पोलीस नाहीत, नुसतं हॉटेल आणि समुद्राची हवा. पुढे वाचू की परत देऊ?

वाचा. फक्त आत्ता वाचताय तसं नको.

आधी तुम्ही नेमके कुठे आहात ते सांगते. डॅफ्ने ड्यू मॉरिएची ही कादंबरी १९३८ची, प्रकरणं २७. जिथे सगळं घडायचं आहे ते मँडर्ली नावाचं घर पहिल्या प्रकरणात स्वप्नात दिसतं, उजाड आणि रानाने वेढलेलं. त्यानंतर त्याचा दरवाजा दिसतो तो थेट सातव्या प्रकरणात. मधली साठ-सत्तर पानं माँटे कार्लोच्या हॉटेलात जातात. तुम्ही बरोबर त्या पट्ट्यात अडकलाय आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक ठेवून देतात.

पण त्या पट्ट्यात 'काहीच घडत नाही' हे खरं नाही. कवितांचं पुस्तक आठवा. मँडर्लीचा मालक मॅक्सिम ते गोष्ट सांगणाऱ्या मुलीला, म्हणजे त्याच्या होणाऱ्या दुसऱ्या बायकोला, वाचायला देतो. आत त्याच्या पहिल्या बायकोने, रेबेकाने, लिहून दिलेल्या दोन ओळी आहेत आणि त्यात रेबेकाच्या नावाचं 'आर' हे अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा उंच, तिरकं, काळंभोर आहे. पुढे ती नवी मुलगी ते पान कापून काढते, फाडते, जाळते. कागद काळा पडतो, वळतो, राख होतो आणि सगळ्यात शेवटी जळतं ते तेच अक्षर. रहस्यकथेत पुरावा नष्ट करण्याचा प्रसंग म्हणतात तो हाच. फरक इतकाच की कुठला गुन्हा झालाय हे अजून वाचकाला माहीत नाही, आणि पुरावा जाळणारीही निरपराध आहे. ती दोन पानं परत वाचा. मँडर्लीत गेल्यावर तेच तिरकं अक्षर कुठे कुठे भेटतं ते मोजत जा. एका रुमालावर तर नक्की भेटेल.

आता पद्धत. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेला वाचक सुरुवातीलाच प्रेत शोधतो आणि मग संशयितांची यादी करतो. गॉथिक कादंबरीत, म्हणजे जुनं घर आणि त्यातलं गुपित यांभोवती फिरणाऱ्या गोष्टीत, ती यादी निरुपयोगी ठरते, कारण माणसं मोजकीच असतात. इथे यादी करायची ती खोल्यांची. कुठली खोली उघडी, कुठली बंद, किल्ली कोणाकडे, आणि नव्या माणसाला कुठल्या खोलीत जाऊ देत नाहीत. लेखिका पडद्याच्या रंगावर, जिन्याच्या वळणावर, टेबलाच्या खणांवर एवढी पानं खर्च करते ती सजावट म्हणून नव्हे. या कादंबरीत घर हाच साक्षीदार आहे आणि वर्णन ही त्याची साक्ष.

म्हणून कोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा पुस्तकात ठेवा आणि सातव्या प्रकरणापासून त्यावर पेन्सिलने घराचा नकाशा काढायला लागा. मोठा दरवाजा, हॉल, लायब्ररी, मॉर्निंग रूम, जिना. नव्या नवरा-बायकोच्या खोल्या पूर्वेच्या बाजूला, गुलाबांच्या बागेकडे तोंड करून. समुद्र दिसतो आणि ऐकू येतो तो पश्चिमेच्या बाजूने, आणि ती बाजू बंद आहे. हे एवढं कागदावर आलं की पुढच्या प्रत्येक प्रसंगात तुम्ही आपोआप विचाराल: ही आत्ता कुठल्या बाजूला आहे? समुद्राचा आवाज येतोय का? भीती तिथूनच यायला लागते. कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने करा: कोणाबद्दल कळलं, कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. या प्रकारच्या कादंबरीत वाचक फसतो तो बहुतेक वेळा ऐकीव गोष्ट पाहिलेली समजून बसल्यामुळे. नायिका मनातल्या मनात दुसऱ्यांचे संवाद रचते, पानंच्या पानं रचते, आणि झर्रकन वाचणाऱ्याला ते खरंच घडलं असं वाटतं. तिचं नाव कुठेही येत नाही, हेही ध्यानात ठेवा. नाव छान आणि वेगळं आहे असं म्हटलं जातं, पण सांगितलं जात नाही. शंभर पानांनंतर हे एकदम जाणवतं, तेव्हा पहिल्या बायकोचं नाव किती वेळा आलंय तेही जाणवतं.

दुसरी अडचण लोकलची. स्लो गाडीने तासाभराचा प्रवास, त्यातले अंधेरीपर्यंतचे धक्के, सीट मिळाली तर पंचवीस-तीस मिनिटं, म्हणजे दहा-बारा पानं. डिटेक्टिव्ह कथेला हे चालतं, कारण घटना लक्षात राहतात. इथे वातावरण साचत जावं लागतं आणि दर दहा पानांनी दादर आलं की ते सांडतं. त्यामुळे पहिला टप्पा रविवारी घरी, सलग दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. वेळ लावून आधी दहा पानं वाचून बघा. इंग्रजी वाचनाची रोजची सवय नसलेल्या माणसाला साधारण पंचवीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे दोन तासांत चाळीस-पन्नास पानं. सातव्या प्रकरणापासून दहाव्यापर्यंत एका बैठकीत गेलात की पुढची पानं लोकलमध्येही पकड सोडत नाहीत. शेवटची पाचेक प्रकरणं परत घरी, एका दमात.

तिसरी अडचण शब्दांची, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. अवघड शब्द त्रास देत नाहीत. त्रास देतात ते आपल्याला 'माहीत असलेले' शब्द. 'गॅलरी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कपडे वाळत घातलेली, कुंड्या ठेवलेली गॅलरी येते. या घरांत गॅलरी म्हणजे पूर्वजांची तैलचित्रं लावलेली लांब, आतली जागा. बाहेरचा उजेड तिथे कमीच. 'विंग' वाचून सोसायटीची ए विंग, बी विंग आठवते. तिथे ती एकाच घराची एक बाजू असते, मधलं दार लावलं की तुटणारी. 'हाउसकीपर' ही झाडलोट करणारी नव्हे. ती सगळ्या मोलकरणींची मुख्य, किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडे, आणि लग्न झालेलं नसलं तरी तिला रिवाजाने 'मिसेस' म्हणायचं. हे कळलं की मिसेस डॅन्व्हर्सचं त्या घरातलं वजन कळतं आणि नवी मालकीण तिच्यापुढे का दबते तेही. 'मॉर्निंग रूम' म्हणजे सकाळच्या उन्हाची खोली, जिथे घरची बाई पत्रं लिहिते, जेवणाचा बेत ठरवते. ज्या टेबलावर नवी बाई बसते, त्या टेबलाच्या प्रत्येक खणावर जुन्या बाईच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली असते. तेव्हा घरातल्या वस्तूंचे आणि खोल्यांचे शब्द तेवढे शब्दकोशात बघा, झाडाफुलांची नावं सोडून द्या.

चौथी चूक सगळ्यात महागात पडते: आधी प्रस्तावना वाचणं. अभिजात म्हणून छापलेल्या आवृत्त्यांत अभ्यासकाची प्रस्तावना असते आणि तीत शेवट सरळ सांगितलेला असतो, कारण ती पुस्तक वाचून झालेल्यांसाठी लिहिलेली असते. ती शेवटी वाचा. तळटीपांचंही तेच. हिचकॉकचा १९४०चा चित्रपट उत्तम आहे, त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, पण तोही नंतर. एका मोक्याच्या जागी त्यात गोष्ट बदलली आहे आणि तो बदल का करावा लागला हे पुस्तक वाचल्यावरच नीट कळतं.

'गॉथिक' या शब्दाने दबून जाऊ नका. मुंबईकराला तो शब्द पायाखालचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर उभं राहून वर बघा: टोकदार कमानी, मनोरे, दगडातून तोंड बाहेर काढलेली जनावरं. राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट त्याच घराण्यातले, ओव्हल मैदानाच्या कडेला. साहित्यातला शब्दही इमारतीतूनच आला. होरेस वॉलपोलने लंडनजवळ ट्विकनहॅमला आपलं घर जुन्या गॉथिक धाटणीत बांधून घेतलं आणि १७६४मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' छापली, तीही जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर असल्याची बतावणी करून. दुसऱ्या आवृत्तीत बतावणी सोडली आणि शीर्षकाच्या पानावर 'अ गॉथिक स्टोरी' असं घातलं. इमारत आधी, गोष्ट नंतर, हा क्रम या प्रकारात आजही टिकून आहे. पण सुरुवात तिथून करू नका. ऐतिहासिक महत्त्व मोठं, वाचायला कोरडी. अ‍ॅन रॅडक्लिफचंही तेच. १७९४च्या तिच्या कादंबरीत नायिका एक काळा पडदा बाजूला करते, बेशुद्ध पडते, आणि मागे काय होतं हे कळायला वाचकाला शेकडो पानं थांबावं लागतं. युक्ती अफाट आहे, पण पहिल्या खेपेला एवढा धीर कोणाकडून मागू नये.

'रेबेका' संपली आणि आवडली, तर दुसरं पुस्तक म्हणून मी बेधडक विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' सांगेन. जाडी बघून घाबराल, सहाशेच्या वर पानं. पण ती १८५९-६०मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात दर आठवड्याला एक हप्ता अशी आली. प्रत्येक हप्ता पुढचा अंक विकला जावा म्हणून बेतलेला, त्यामुळे हीच ती लोकलची कादंबरी. कॉलिन्स वकिलीची सनद घेतलेला माणूस होता. कोर्टात साक्षी व्हाव्यात तशी गोष्ट माणसं आळीपाळीने सांगतात, ज्याला जेवढं ठाऊक त्याने तेवढंच. तुमचा तीन रकान्यांचा कागद इथे खरा कामाला येतो.

या पुस्तकात मात्र एक कायदा आधी माहीत हवा, नाहीतर खलनायक एवढा उपद्व्याप कशासाठी करतो तेच कळत नाही. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२मध्ये झाले. त्याआधी लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा, लग्नाआधी वेगळा करार करून बांधून ठेवला नसेल तर. म्हणून त्या कादंबरीत कुटुंबाच्या वकिलाचं निवेदन येतं, तेव्हा कंटाळून पानं उलटू नका. २०,००० पौंड कोणाला, कधी, कोण मेल्यावर मिळणार, हे तिथे लिहिलंय. त्या करारातला एक मुद्दा चुकीचा ठरतो आणि पुढची सगळी भीती त्यातून निघते. आपल्याकडे भावाबहिणींत सातबाऱ्यावरून काय काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मराठीत याच्या जवळचं काय, तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी, हे तुम्ही वाचलेलेच असणार. फरक ध्यानात ठेवून वाचा. धारपांच्या गोष्टीत अमानवी शक्ती बहुधा खरीच असते आणि तिच्याशी लढायचं असतं. गॉथिक रहस्यात ती आहे की नाही हाच प्रश्न लटकत ठेवलेला असतो आणि उत्तर बहुतेकदा माणसात सापडतं. मतकरींच्या गूढकथा या दुसऱ्या टोकाला जास्त जवळ वाटतात, मला तरी.

पुस्तकं मिळवायची तर कॉलिन्सचे हक्क कधीच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट उतरवून घ्या. ड्यू मॉरिए १९८९मध्ये वारली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे तिची फुकट पीडीएफ म्हणजे चोरीचीच. हुतात्मा चौक किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी प्रत बघा, पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. आतल्या पानावर 'अब्रिज्ड' किंवा 'रीटोल्ड' लिहिलंय का? शाळेसाठी छाटलेल्या आवृत्तीत सगळ्यात आधी वर्णनं उडवतात, म्हणजे साक्षीदारच गायब. आणि मागून सुरू करून शेवटच्या तीसेक पानांचे आकडे सलग आहेत का ते बघा. गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकाची शेवटची पानं पावसाळ्याच्या दमटपणात पहिली सुटतात, आणि ती नसलेली रहस्यकादंबरी दहा रुपयांनाही महाग.

या रविवारी सातवं प्रकरण काढा. आठव्या प्रकरणात मॉर्निंग रूममध्ये घरातलाच फोन वाजतो आणि पलीकडून बाईसाहेबांची चौकशी होते, तिथे थांबून ती नवी मुलगी काय उत्तर देते ते दोनदा वाचा. मग कागदावर तिची खुर्ची कुठे काढायची ते ठरवा.